मदत हवी आहे: जुन्या मारुती ८००चे बंपर पांढरे पडलेत, रंगवू की नको?

नमस्कार मंडळी,

गाडी २००४ची मारुती ८००, साधं मॉडेल, रंग पांढरा. वडिलांची गाडी, आता माझ्याकडे, गुहागरला. इंजिनाला नाव ठेवायला जागा नाही. पंधरा वर्षांनंतरचं पासिंग झालंय, पर्यावरण कर भरलाय, त्यामुळे गाडी अजून काही वर्षं ठेवायचीच आहे. पण बाहेरून अगदी केविलवाणी दिसते आणि त्याला कारण बंपर.

मागचा बंपर कंपनीतून आला तसाच आहे, कधी रंग लागलेला नाही. उन्हाने पार राखाडी झालाय, बोट फिरवलं तर बोटाला पांढरी भुकटी लागते. पुढच्याचं दुखणं वेगळं. वडिलांच्या वेळी एका गॅरेजवाल्याने तो चकचकीत काळा मारून दिला होता. आता त्या रंगाचे पापुद्रे सुटतात, नंबरप्लेटच्या दोन्ही बाजूंनी तर नखाने सोलता येतात.

इथला पेंटिंगवाला म्हणतो, ‘दोन्ही घासू, लांबी (पुट्टी) भरू आणि बॉडीच्या रंगात मारू, गाडी नवी दिसेल.’ मला ते नकोय. साध्या ८००ला काळे बंपरच शोभतात, तेही कंपनीतून यायचे तसे मंद, बारीक दाणेदार. पांढरे बंपर लावून गाडी महागातलं मॉडेल असल्याचा आव कशाला आणायचा?

तर प्रश्न असे:
मागचा बंपर न रंगवता पुन्हा काळा होतो का? हीट गनचे, म्हणजे गरम हवेचा झोत मारणाऱ्या यंत्राचे, व्हिडिओ पाहिलेत, पण ते किती टिकतं?
पुढच्याचा रंग काढायचा कसा? थिनर चालेल का?
शिवाय दारांची हँडल, वायपरखालची जाळी, काचांचं बीडिंग आणि वायपरचे दांडे (त्यांना गंज धरलाय) यांचं काय करावं?
घरी काँप्रेसर नाही. स्प्रेचे डबे आणि अंगण एवढीच सामग्री.

— वेळणेश्वरकर

सुकाणू:
आधी दोन्ही बंपर उतरवा आणि आतली बाजू बघा. प्लास्टिकची खूण साच्यातच उठवलेली असते, बहुधा ‘पीपी’ अशी अक्षरं दिसतील, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. त्यावर साधा रंग धरत नाही. पृष्ठभाग मेणचट असतो, पाणी टाकलं तर पसरत नाही, थेंब होऊन घरंगळतं. रंगाचंही तसंच होतं. तुमच्या पुढच्या बंपरला पापुद्रे सुटलेत याचा अर्थ खाली बहुधा प्लास्टिक प्रायमर, म्हणजे रंग धरून ठेवणारा पहिला थर, मारलेलाच नाही. घाईच्या कामात तोच पहिला गाळला जातो.

पण यात तुमचा फायदाच आहे. नीट धरलेला रंग काढणं महाकठीण, हा तर निम्मा सुटलेलाच आहे. वॉशिंग सेंटरवर नेऊन प्रेशरने पाणी मारून घ्या, बराचसा तिथेच उडेल. उरलेला प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा, लोखंडी पत्रा नको, ओरखडे कायमचे राहतात. थिनर बंपरवर ओतत बसू नका. रंगाचा चिखल होतो आणि तो दाण्यांमध्ये जाऊन बसतो.

लाल_डबा:
हीट गनने काळा होतो हे खरं. उष्णता लागली की बंपर नवा दिसतो. पण काही महिन्यांत पुन्हा जैसे थे. दर वेळी भाजत राहिलात तर प्लास्टिक कडक होऊन तडकतं. विकायच्या आदल्या आठवड्यात करायचा उद्योग आहे तो 😀

तुमच्या मागच्या बंपरला रंग नकोच. साबणाने घासा, सुकवा, पांढरी भुकटी पूर्ण जाऊ द्या आणि ट्रिम रिस्टोअरर, म्हणजे फिकट प्लास्टिक पुन्हा काळं करणारं द्रावण, लावा. मात्र तो प्लास्टिकमध्ये मुरून सुकणारा हवा. टायरला लावतात तसलं चकाकणारं सिलिकॉन नको, पहिल्या पावसात ओघळतं.

सुकाणू:
सिलिकॉनचा मुद्दा पुढच्या बंपरलाही लागू आहे. पूर्वी कधी डॅशबोर्ड पॉलिश वगैरे चोळलं असेल, तर रंग मारताच माशाच्या डोळ्यांसारखे गोल खड्डे पडतात. म्हणून घासण्याच्या आधी ग्रीस-मेण काढणाऱ्या द्रावणाने पुसा, आणि घासून झाल्यावर पुन्हा एकदा. फडकं दर वेळी नवीन, नाहीतर तीच घाण सगळीकडे फिरते.

घासायला वॉटर पेपर वापरलात तर दाणे सपाट होतील. तुम्हाला दाणेदार हवाय ना? मग स्कॉच-ब्राइट घ्या. लांबी अजिबात नको. ती कडक, बंपर लवचीक, पहिल्या धक्क्याला टवका उडेल.

त्यानंतर प्लास्टिकचा प्रायमर, म्हणजे अॅडहीजन प्रमोटर, अगदी पातळ. डब्यावर लिहिलेल्या वेळेच्या आत वरचा रंग चढवा. सॅटिन, म्हणजे मंद चकाकीचा काळा घ्या, ग्लॉस नको, आणि पूर्ण मॅटही नको, त्यावर हाताचे डाग दिसतात. डबा वीसेक सेंटिमीटरवर धरून दोन-तीन पातळ हात द्या, प्रत्येक हातानंतर दहा-पंधरा मिनिटं थांबा. एकाच जाड हातात उरकलंत की ओघळ आलाच.

वेळणेश्वरकर:
पुढच्या बंपरच्या आत ‘पीपी’च लिहिलंय! आता गणपतीआधी उरकावं म्हणतो. चालेल?

लाल_डबा:
कोकणात, श्रावणात? अहो, हवेत एवढा दमटपणा असताना रंगावर पांढरट झाक येते, आणि मग पुन्हा सगळं घासावं लागतं. दसऱ्यानंतर करा. दव सुकल्यावर सकाळी, सावलीत. गणपतीला मागचा बंपर तेवढा काळा करून न्या.

ताईगिरी:
एक राहिलंच. गॅरेजमध्ये हार्डनरचा, म्हणजे रंग कडक करणारं रसायन मिसळलेला टू-के रंग मारून घेणार असाल तर त्यात आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असतं, साध्या कापडी किंवा एन-९५ मास्कने ते अडत नाही. माझ्या मामांना त्याच वाफांनी दम्याचा त्रास जडला. अंगणात मुलं असतील तर तो रंग घरी मुळीच नको.

बाकीचं: हँडल आणि जाळीला मागच्या बंपरसारखंच रिस्टोअरर. बीडिंग रबराचं, त्याला रंग लावू नका, वाकलं की तडे जातात. साबणाने धुऊन ग्लिसरीन चोळा. वायपरचे दांडे मात्र लोखंडी. काढून गंज घासा, गंजरोधक प्रायमर मारा, मग तोच सॅटिन काळा. काढण्याआधी काचेवर टेप लावून त्यांची जागा खुणावून ठेवा, नाहीतर परत बसवताना एक दांडा बॉनेटवर आपटत राहील.