बुलेटला ३२ चा कार्ब? थांबा जरा

३५० च्या जुन्या बुलेटला पोर्टिंग (इंजिनातल्या हवेच्या वाटा घासून मोकळ्या करणं) आणि फ्री-फ्लो म्हणजे धूर मोकळा सोडणारा सायलेन्सर केल्यावर ३२ मिमीचा कार्ब, म्हणजे हवा-पेट्रोल मिसळणारा कार्ब्युरेटर, बसवू का, असं एकाने विचारलंय. नका बसवू राव! मूळचा मिककार्ब कंपनीचा कार्ब २४ चा. २८ केला तरी गळ्याचं (हवा आत जाते त्या भोकाचं) क्षेत्रफळ ३६ टक्क्यांनी वाढतं, ३२ ला जवळपास ७८. गळा एवढा मोठा झाला की कमी आरपीएमला हवेचा वेग पडतो, जेटमधून (पेट्रोल येतं त्या बारीक भोकातून) पेट्रोल नीट ओढलं जात नाही आणि थ्रॉटल पिळला की गाडी गुदमरते. मी हे भोगलंय, तेही ऐन घाटात. २८ घ्या, मॅनिफोल्डचं (कार्ब इंजिनाला जोडणाऱ्या नळीचं) भोकही त्याला जुळवून घ्या. मग मेन जेट बदलत स्पार्क प्लगचा रंग बघत जा: पांढरा पडला तर जेट मोठा, काजळला तर छोटा.