पुरावा टिकला कसा?
दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी युद्धकैदी आणि मजुरांकडून सयाम-ब्रह्मदेश (आजचे थायलंड आणि म्यानमार) रेल्वे बांधून घेतली. तिथल्या युद्धकैद्यांचे हाल खरे कशावरून, त्याचा त्या वेळचा पुरावा काय, असं काही जण विचारतात. रोनाल्ड सर्ल यांचं काम बघाच. पुढे ते मोठे व्यंगचित्रकार झाले, पण १५ फेब्रुवारी १९४२ला सिंगापूर जपान्यांच्या हाती पडलं तेव्हा ते ब्रिटिश सैन्यात साधे सॅपर (अभियंता दलातले शिपाई) होते, वय जेमतेम २१. आधी सिंगापुरातली चांगीची युद्धकैदी छावणी, मग १९४३मध्ये रेल्वेचं काम. हिवताप, बेरीबेरी, वर पहारेकऱ्यांचा मार. तशातही ते मिळेल त्या कागदावर चित्रं काढत राहिले. सापडली असती तर जिवावरच बेतलं असतं. म्हणून ती लपवायची कुठे, तर कॉलऱ्याने मरायला टेकलेल्या सोबत्यांच्या अंथरुणाखाली. संसर्गाच्या भीतीने जपानी सैनिक तिकडे फिरकत नसत. ज्यांना स्वतःच्या सुटकेची आशा उरली नव्हती, त्यांनी ही चित्रं सांभाळली. मला हे फार थोर वाटतं. त्यातली सुमारे ३०० चित्रं आज लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियममध्ये आहेत.

एक भर घालतो. या ४१५ किलोमीटरच्या मार्गावर १२,०००हून जास्त दोस्त राष्ट्रांचे युद्धकैदी मेले, त्यांतल्या बऱ्याच जणांची थडगी थायलंडमधल्या कांचनाबुरीला नावानिशी जपलेली दिसतात. पण त्यांच्या कित्येक पट आशियाई मजूर मेले. त्यांत मलायातल्या रबरमळ्यांवरून नेलेले तमिळ लोक खूप होते. त्यांची चर्चाही व्हायला हवी.