मदत हवी आहे: यूपीएस म्हणतो बॅटरी 100 टक्के, लाईट गेली की लगेच बसतो

नमस्कार मंडळी,

नागपुरात आयटी पार्क भागात आमचं छोटं डेटा सेंटर आहे. 60 केव्हीएचे दोन यूपीएस, प्रत्येकाखाली 12 व्होल्टच्या 40 एसएमएफ (सीलबंद, पाणी न घालाव्या लागणाऱ्या) बॅटऱ्यांची एक बँक (एकापुढे एक जोडलेली माळ), मागच्या आवारात 160 केव्हीएचा डीजी (डिझेल जनरेटर). परवा वादळात लाईट गेली. डीजी लोड घ्यायला वीसेक सेकंद लावतो, तेवढ्यात दोन नंबरचा यूपीएस बसला. दोन्हीकडून सप्लाय असलेले सर्व्हर एक नंबरवर तरले, एकाच केबलवरचे धाडकन बंद. नंतर ग्राहकांचे जे फोन आले ते विचारूच नका.

त्याच दुपारी डिस्प्लेवर बॅटरी 100 टक्के, बॅकअप 17 मिनिटं, बँकेचा व्होल्टेज 545 होता. म्हणजे सेलला (बॅटरीत असे सहा) 2.27, अगदी पुस्तकातला फ्लोट (भरलेली बॅटरी भरलेलीच ठेवणारा व्होल्टेज). एएमसीवाल्याने (वार्षिक देखभालीचा कंत्राटदार) नंतर थोडा लोड देऊन एकेक बॅटरी मोजली, तर 23 नंबरची सरळ 7 व्होल्टवर आली. बाकीच्या 12 च्या वर. फ्लोटवर हीच पठ्ठी 13.5 दाखवत होती!

यूपीएसला एसएनएमपी कार्ड (नेटवर्कवरून आकडे पाठवणारं) आहे, पण ते बँकेचा एकूण आकडाच सांगतं. प्रत्येक बॅटरीला सेन्सर लावणारी सिस्टीम घ्यावी का? साहेब म्हणतात, त्या पैशात नव्या बॅटऱ्याच येतील. शिवाय डीजीच्या कंट्रोलरला आरएस-485 पोर्ट (आकडे बाहेर वाचायची जोडणी) आहे, त्यातून नेमकं काय काय वाचावं? सध्या दर सोमवारी पाच मिनिटं नुसता चालू करून बंद करतो.

प्रतिसाद 1
भाऊ, एका बॅटरीचे 5 व्होल्ट गेले म्हणून 480 व्होल्टची (40 × 12) बँक बसत नाही. आतली जोडपट्टी गंजून सुटायला आली असणार. फ्लोटचा करंट इतका कमी की गंजक्या जोडातूनही निघून जातो. लोडने 50-60 अँपिअर मागितले की जोड सुटला आणि अख्खी माळ तुटली. हे व्होल्टेजमध्ये दिसणारच नाही, अंतर्गत रोध (बॅटरीच्या आतला करंटला होणारा अडथळा) मोजावा लागतो. नव्या बॅटऱ्या टाकल्या तरी काही वर्षांनी हाच खेळ, हे साहेबांना सांगा. सेन्सर जमत नसतील तर एएमसीत तिमाही रोध-मोजणी लिहून घ्या. आकडा कॅटलॉगमधल्या आकड्याशी नाही, त्याच बॅटरीच्या पहिल्या नोंदीशी ताडायचा: 25 टक्के वाढला की नजर ठेवा, 50 टक्के वाढायच्या आत बदला.

आणि बॅटरी रूमचं तापमान किती? आपल्याकडे मे महिन्यात बाहेर 45. या बॅटऱ्यांचं आयुष्य 25 अंशांवर मोजलेलं असतं, वर दर आठ-दहा अंशांना निम्मं होतं.

प्रतिसाद 2
डीजी नुसता चालवू नका. बिनलोड चालवून न जळालेलं डिझेल आणि काजळी एक्झॉस्टमध्ये साठते. महिन्यातून एकदा तरी अर्धा तास, किमान 30 टक्के लोडवर. कंट्रोलरवरून आधी स्टार्टिंग बॅटरीचा व्होल्टेज घ्या, तोही क्रँकिंगच्या (इंजिन फिरवून सुरू करायच्या) वेळचा. डीजी न उठण्याचं कारण बहुतेकदा तीच असते. मग डिझेलची पातळी, आणि सिलेक्टर ऑटोवर (लाईट गेली की आपोआप सुरू) आहे की नाही. सर्व्हिसवाला मॅन्युअलवर ठेवून घरी जातो, हे मी दोन साईटवर पाहिलंय.

अलर्टची मेल ज्या स्विचवरून जाते तो बसलेल्या यूपीएसवर असेल तर मेल कशी जाणार? वेगळ्या बॅटरीवरचा जीएसएम (मोबाईल नेटवर्कचा) मॉडेम ठेवा.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. रूम 33 वर असते, तिथला एसी डीजी आल्यावरच सुरू होतो. यूपीएसमध्ये तापमानानुसार फ्लोट कमी करायची सेटिंग आहे, पण प्रोबच (तापमानाचा सेन्सर) लावलेला नाही, आज पाहिलं. तो मागवतोय. रोध-मोजणीचं कलम एएमसीत घालायला लावतो.

एक राहिलं: 23 नंबर बदलली, तर जुन्या 39 मध्ये एक नवी चालेल का, की पूर्ण बँकच काढावी? बॅटऱ्या तीन उन्हाळे खाल्लेल्या आहेत.