टार्गेटिंगला थेट हकालपट्टी: अती होतंय का?

कोलंबसकर
अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये हेल्मेटच्या टाळूने जोरात धडक दिली, किंवा बेसावध खेळाडूच्या डोक्या-मानेवर आदळलं, की ते टार्गेटिंग. 15 यार्डांचा दंड (चेंडू तितका समोरच्या संघाच्या फायद्याने सरकतो) 2008 पासून आहे, 2013 पासून वर खेळाडूची सामन्यातून हकालपट्टी. माझा आक्षेप हकालपट्टीवर आहे. 2019 चा फिएस्टा बोल आठवा. आम्ही (ओहायो स्टेट) 16-0 ने पुढे. आमच्या शॉन वेडने तिसऱ्या डाउनवर (चढाईतल्या तिसऱ्या प्रयत्नात) क्लेमसनच्या ट्रेव्हर लॉरेन्सला पाडलं, त्यांची चढाई संपल्यात जमा. पण ऐनवेळी लॉरेन्स वाकला, हेल्मेटवर हेल्मेट आपटलं. रिप्ले पाहून वेड बाहेर, चढाई जिवंत, मध्यंतराला 16-14. शेवटी 29-23 ने हरलो. बास्केटबॉलसारखे दोन स्तर करा ना! चुकून लागलं तर 15 यार्ड, मुद्दाम असेल तर बाहेर.

ऑस्टिनची रश्मी
मुद्दाम की चुकून हे पंच कसं ठरवणार? मनातलं रिप्लेत दिसत नाही. डोकं खाली होतं की वर, हे दिसतं. लॉरेन्स वाकला हे खरं, पण वेडचंही डोकं खालीच होतं.

सनडेव्हिल बंडू
वा, ऑस्टिनकरांनी टार्गेटिंगवर बोलावं! 1 जानेवारी 2025, पीच बोल, 24-24, शेवटचं मिनिट. टेक्ससचा मायकल टाफी आमच्या (अ‍ॅरिझोना स्टेटच्या) मेलक्वान स्टोव्हलवर हेल्मेटनेच आदळला. रिप्ले पाहिला आणि म्हणे टार्गेटिंग नाही! पंट मारून (लाथेने लांब उडवून) चेंडू त्यांना द्यावा लागला, दुसऱ्या ओव्हरटाइममध्ये 39-31 ने गेलो. आमचे कोच डिलिंगहॅमसुद्धा नंतर म्हणाले, टार्गेटिंग म्हणजे काय तेच कळेनासं झालंय. शिक्षेचं मागाहून बघू, आधी गुन्हा कोणता ते ठरवा.

ऑस्टिनची रश्मी
ते टार्गेटिंगच होतं. टेक्ससची असून सांगते.

माजी फ्लँकर
सगळे धडकेनंतरचंच बोलताय. टॅकल (चेंडू घेऊन पळणाऱ्याला धरून पाडणं) शिकवतात कसा, ते बघा की. मी पुण्यात रग्बी खेळायचो. हेल्मेट नसल्यामुळे डोकं कुठे ठेवायचं हेच आधी शिकवतात: नजर वर, डोकं पळणाऱ्याच्या मागच्या बाजूला, गाल त्याच्या कुल्ल्याला चिकटलेला, खांदा मांडीत, हातांची घट्ट मिठी, आणि पाय थांबवायचे नाहीत. फुटबॉलचे जुने कोच नेमकं उलट सांगायचे, डोकं त्याच्या पुढून आडवं घाल. 2014 मध्ये सिअ‍ॅटल सीहॉक्स या व्यावसायिक संघाचे कोच पीट कॅरोल यांनी रग्बी पद्धतीच्या टॅकलचा व्हिडिओ काढला आणि तुमच्या ओहायो स्टेटनेही ती पद्धत उचलली, कोलंबसकर.

आणि मान खाली घातली की मानेचा बाक जातो, मणके एका रेषेत येतात, सगळा जोर त्यांच्यावरच. 2010 मध्ये रटगर्सचा एरिक लेग्रँड आर्मीच्या खेळाडूला टॅकल करायला गेला आणि मानेखाली लुळा पडला. धडक खाणारा नव्हे, देणारा! डोक्याने धडकायला बंदी तर 1976 पासूनच आहे.

कोलंबसकर
तंत्र मान्य. पण छातीचा नेम धरून निघालेल्या पोरासमोर रिसीव्हरने (पास झेलणाऱ्याने) गुडघे वाकवले, तर त्याने करायचं काय? आणि हल्ली सरावात टॅकल कमी केलेत, मग शिकणार कधी?

माजी फ्लँकर
डार्टमथ कॉलेजचे कोच बडी टीव्हन्स यांनी 2010 पासून सरावात एकमेकांना टॅकल करणं बंदच केलं. पोरं पॅडवर आणि पुढे रोबोट डमीवर शिकली. 2015 मध्ये आयव्ही लीगचं संयुक्त विजेतेपद मिळवलं.

सनडेव्हिल बंडू
अभ्यासू कॉलेजांच्या आयव्ही लीगचा दाखला अलाबामा-जॉर्जियासारख्या बलाढ्य संघांना? बरं.

ऑस्टिनची रश्मी
मला वेगळंच खटकतं. 2019 च्या नियमाने एकाच सीझनमध्ये तिसऱ्यांदा सापडलेल्या पोराला पुढचा सामनाही बंद केला. त्याला तसं खेळू देणाऱ्या कोचला काय? त्यालाही बसवा बाहेर.

कोलंबसकर
कोचला? त्यांचे करार बघा. आधी वकील मैदानात उतरतील.