सडपातळ माणसाची साखर का वाढते?

प्रश्न (रामबाग, इंदूर)
गेल्या महिन्यात घरातील सर्वांच्या रक्ततपासण्या केल्या. माझे यजमान सडपातळ आहेत, उंची १६८ सेंटीमीटर आणि वजन ६१ किलो. तरीही त्यांची उपाशीपोटीची साखर ११८ आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातील एक प्रकारची चरबी) २१२ निघाले. ८४ किलो वजनाच्या माझ्या जाऊबाईंचे मात्र सर्व आकडे मर्यादेत आहेत. नमुन्यांची अदलाबदल झाली असावी, असे सासूबाईंना वाटले म्हणून पुन्हा तपासणी केली, पण निष्कर्ष तोच आला. सकाळचे पोहे-जिलबी दोघेही सारख्याच आवडीने खातात. मग असे का व्हावे?

उत्तर १
ताई, यजमानांच्या पोटाचा घेर मोजला आहे का? पँटचे माप धरू नका, कारण पट्टा बहुधा पोटाच्या खाली बसतो; शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मध्यावर, श्वास सोडल्यानंतर टेप लावावी. भारतीय पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटीमीटरच्या पुढे धोका मानतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने छापलेले छायाचित्र अवश्य पाहा. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, २२.३; परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या २१.२ टक्के.

प्रश्नकर्ती
सांगितल्याप्रमाणे मोजले, घेर ९४ भरला. हातपाय काटकुळे असल्यामुळे हे कधी लक्षातच आले नाही.

उत्तर २
मग कोडे बरेचसे सुटले. त्वचेखालची चरबी, विशेषतः मांड्यांवरची, ही जास्तीच्या ऊर्जेची सुरक्षित कोठी असते. ज्यांची कोठी लहान, त्यांच्यात थोड्या वाढीनेही चरबी यकृतात आणि आतड्यांभोवती साचते, इन्सुलिनचा प्रभाव मंदावतो आणि यकृत साखर व ट्रायग्लिसराइड रक्तात सोडत राहते. लिपोडिस्ट्रॉफी या विकारात त्वचेखालची चरबी जवळजवळ नसतेच, आणि त्या कृश रुग्णांना तीव्र मधुमेह होतो. मला हा सर्वांत बोलका पुरावा वाटतो.

जाऊबाईंची कोठी मोठी असावी. तरीही त्यांना निर्धास्त करू नका, कारण अशी निरोगी स्थूलता अनेकांत काही वर्षांपुरतीच टिकते. त्यांनीही दरवर्षी तपासणी करावी. यजमानांची साखर १०० ते १२५ या मधुमेहपूर्व टप्प्यात आहे. एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी चाचणी, करून डॉक्टरांना भेटा, आणि जेवणानंतरची बरीचशी साखर स्नायूच शोषून घेत असल्यामुळे नुसत्या चालण्यावर न थांबता, डॉक्टरांना विचारून, जोर-बैठकाही सुरू करायला सांगा.