पथ्य पाळूनही वजन उतरतंय तेव्हा

दीड वर्ष गहू बंद, तरी जुलाब थांबत नाहीत, वजन उतरतंय, हा 'बरा न होणारा' सीलिअ‍ॅक (गव्हातल्या ग्लूटेनमुळे लहान आतड्याला इजा होणारा आजार) असेल का, असं तुम्ही विचारलंत. आधी गहू नकळत कुठून पोटात जातोय ते घरात शोधा. माझ्या मावशीचं असंच झालं होतं. कोथरूडच्या गिरणीत तिची ज्वारी गव्हाच्या दळणावरच दळली जायची, पाट्याच्या कडेला पांढरं पीठ साचलेलं मी स्वतः पाहिलं. आणि हिंगाची डबी! मागे बारीक अक्षरांत 'गव्हाचं पीठ' लिहिलेलं होतं.

हे सगळं सुटूनही वर्षभर काटेकोर पथ्यानंतर आतड्याची झालर (अन्नरस शोषणारे बारीक उंचवटे) सपाटच राहिली, तर त्याला रिफ्रॅक्टरी, म्हणजे पथ्याला दाद न देणारा, सीलिअ‍ॅक म्हणतात. तो विरळाच. त्याचे दोन प्रकार. पहिला औषधांनी बहुधा आटोक्यात येतो. दुसऱ्यात आतड्यातल्या लिम्फोसाइट (संरक्षक पांढऱ्या) पेशीच बिघडलेल्या असतात, त्यातून लहान आतड्याला व्रण पडू शकतात, लिम्फोमा, म्हणजे या पेशींचा कर्करोगही होऊ शकतो. म्हणून बायोप्सीत (आतड्याचा छोटा तुकडा काढून केलेल्या तपासणीत) प्रकार कोणता ते स्पष्ट विचाराच.

ताप, रात्री घाम, पोटात कळा, काळी शौच यातलं काहीही असेल तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. उद्याच पोटविकारतज्ज्ञांकडे जा, जुने बायोप्सी रिपोर्ट घेऊन.