मदत हवी आहे: ऑक्सिटन गॅलो-रोमान्समध्ये धरायची का?

एमएच्या प्रकल्पासाठी लॅटिनपासून फुटलेल्या भाषांचा वंशवृक्ष काढतेय. उत्तर फ्रान्सच्या ओईल बोली (फ्रेंच आणि तिच्या जवळच्या बोली) गॅलो-रोमान्स, म्हणजे प्राचीन गॉलमधल्या लॅटिनपासून आलेल्या शाखेतल्या, हे सगळेच मानतात. घोडं अडलंय दक्षिण फ्रान्सच्या ऑक्सिटन भाषेपाशी. काही वर्गीकरणं तिला आत घेतात, काही कॅटलानसोबत (ईशान्य स्पेनची भाषा) वेगळी काढतात.

'क'चा निकष लावून पाहिला. लॅटिन 'कान्तारे'चं (गाणं म्हणणे) फ्रेंचमध्ये 'शांते' झालं, तुलूजकडच्या ऑक्सिटनमध्ये 'कान्ता', म्हणजे 'क' शाबूत. पण लिमुझँच्या ऑक्सिटनमध्ये तिथे 'च'सारखा उच्चार! मग रेघ ओढू कुठे? 842च्या स्ट्रासबुर्गच्या शपथाही (जुन्या फ्रेंचचा सर्वांत जुना मानला जाणारा मजकूर) वाचल्या, त्यातून हे सुटत नाही.

फ्रँक लोकांचा प्रभाव, गॉलिशचा (लॅटिनपूर्वीची तिथली केल्टिक भाषा) थर वगैरे माहीत आहे, ते नको. फ्रेंच येत नाही, इंग्रजी संदर्भ चालतील.

'क' सोडून कोणत्या ध्वनिबदलावर किंवा व्याकरणाच्या खुणेवर अभ्यासक हा निर्णय करतात?